बंद घड्याळाची फिल्म : क्लॅप आणि कंटिन्युइटीच्या वहीतून

आठ पानांची शॉर्टफिल्म. दोन पात्रं, एक घर आणि त्याचा जिना. माझ्याकडे क्लॅप (दर शॉटला नंबर दाखवून टक करायची पाटी), कंटिन्युइटी (वस्तू आणि हालचाली शॉटमागून शॉट जुळत्या ठेवणं) आणि शॉट लॉग (कोणता शॉट कुठल्या फाइलीत याची नोंद). युनिटमध्ये सगळे विद्यार्थी, बाहेरचे दोघंच : आजोबांचं काम करणारे रंगभूमीवरचे एक मुरलेले नट (सगळ्यांचे काका) आणि भाड्याच्या लाइटसोबत आलेले लाइटदादा. गोष्ट एवढीच की भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ बंद पडलंय, आजोबा ते उघडून बसलेत आणि नात घर विकायचा विषय काढते. पहिल्यांदा सेटवर उभं राहणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांना "तू क्लॅप दे, सोपं काम आहे" असं सांगितलं गेलंय त्यांच्यासाठी, या नोंदी.

३ डिसेंबर : ब्रेकडाउन

स्क्रिप्टचं प्रत्येक पान आठ भागांत मोजायचं, हे आज शिकले. सीन अर्ध्या पानाचा असेल तर ४/८, दोन-तीन ओळींचा असेल तर १/८. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. त्याच्या जोरावर आठ पानांची आठ मिनिटं धरून डायरेक्टरने शेड्यूल लिहायला घेतलं.

ठोकताळा आमच्याच स्क्रिप्टवर आपटला. सीन ५ मध्ये एकच वाक्य आहे : "आजोबा घड्याळ उघडतात, साफ करतात, पुन्हा जोडतात." हिशोबाने १/८ पान. प्रत्यक्षात त्यात हाताचे क्लोज (अगदी जवळून घेतलेले शॉट), स्क्रू, चावी, लंबक, चेहरा असे सात-आठ शॉट येणार. उलट सीन ७ दोन पानांचा, पण बसून बोलण्याचा, त्यामुळे तिथे शॉट कमी. म्हणून पानांऐवजी शॉट मोजून शेड्यूल पुन्हा लिहिलं. आजची संध्याकाळ त्यातच गेली, आणि मला वाटतं आख्ख्या प्रकल्पातली सर्वात कारणी लागलेली संध्याकाळ हीच.

क्रम अर्थातच गोष्टीचा नाही. खोलीतले दिवसाचे सीन आधी, जिना मधे, रात्रीचा सीन शेवटी. आणि इथेच घड्याळाची गोची लक्षात आली. घड्याळ जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये आहे, म्हणजे किती वाजलेत हे प्रत्येक सीनला ठरलेलं हवं. स्क्रिप्टच्या समासात वेळा लिहून ठेवल्या : सीन १ ते ५, घड्याळ बंद, चार वाजून दहा मिनिटं. सीन ६, काटे काढलेले. सीन ७, चालू, साडेआठ.

७ डिसेंबर : रेकी (शूटआधी जागा पाहणं)

घर डायरेक्टरच्या ओळखीतलं. फोटो सगळ्यांनी आधीच पाहिले होते, त्यामुळे "आता जायचं कशाला" असा सूर होता. गेलो ते बरं झालं. फोटोत आवाज नसतो.

साउंड सांभाळणाऱ्याने सगळ्यांना खोलीच्या मधोमध उभं केलं आणि डोळे मिटून गप्प राहायला सांगितलं. मग ऐकू यायला लागलं : फ्रीज, पंखा, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, पाण्याचा पंप. पंपाची वेळ विचारून घेतली. फ्रीज शूटच्या वेळी बंद ठेवायचा ठरलं, आणि तो पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून साउंडवाल्याने सुचवलं की ज्याची गाडी आहे त्याने गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवायची. चावी घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रीज चालू केल्याशिवायही जाता येत नाही. ही युक्ती सेटवाल्यांत जुनी आहे म्हणे.

खिडकी पश्चिमेची. सकाळी प्रकाश मऊ, दुपारी तीननंतर ऊन थेट टेबलावर. आम्ही सकाळी अकराला गेलो होतो, म्हणून हे दिसलंच नव्हतं. घरच्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. रेकी शूटच्या वेळेलाच करावी. दिवसभर शूट असेल तर दोन वेळा जावं.

प्लगपॉइंट कुठे, कोणते कोणत्या स्विचवर, हेही लिहून घेतलं. एकाच पॉइंटवर सगळे लाइट लावले तर ट्रिप होणार, हे लाइटदादांनी फोनवरच सांगितलं होतं.

१२ डिसेंबर : कॅमेरा टेस्ट आणि लॉगशीट

कॅमेरा करणारीने सेकंदाला २४ फ्रेम आणि शटर (एका फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ) १/४८ सेकंद ठेवला. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली चित्रात हलकी धडधड दिसायला लागली. कारण साधं आहे : ५० हर्ट्झच्या विजेवर असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० केला की प्रत्येक फ्रेममध्ये अशी बरोबर दोन आवर्तनं बसतात आणि धडधड जाते. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/६०. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे दिसत नाही, मोठ्या स्क्रीनवर लावून पाहिलं म्हणून दिसलं.

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची सेटिंग) ऑटोवर होता, तो काढून ५६०० केल्विनवर बांधला. ऑटोवर असला की नात निळा कुर्ता घालून फ्रेममध्ये आली की भिंत पिवळी होते, गेली की परत पांढरी.

कार्डाचा हिशोब : आमचं रेकॉर्डिंग सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर जेमतेम ८५ मिनिटं. दोन कार्डं, त्यांना अ आणि ब अशी नावं. भरलेल्या कार्डाच्या डबीवर लाल टेप, रिकाम्या कार्डाला काहीच नाही.

लॉगशीटचा नमुना मी बनवला. सीन, शॉट, टेक, कॅमेऱ्यातला क्लिप नंबर, साउंडचा फाइल नंबर, लेन्स, ओके की एनजी (नो गुड, म्हणजे बाद), शेरा. क्लिप नंबरचा रकाना साउंडवाल्याच्या आग्रहावरून घातला. मला तो तेव्हा फालतू वाटत होता, क्लॅपवर सगळं लिहिलेलं असताना पुन्हा कशाला. पुढे २३ तारखेची नोंद वाचावी.

१७ डिसेंबर : पहिला दिवस, खोली

कॉल (सेटवर हजर व्हायची वेळ) सातचा. पहिला क्लॅप पडला दहा चाळीसला.

वेळ कुठे गेला ते लिहून ठेवते, कारण शेड्यूलमध्ये यातलं काहीच नव्हतं. सामान वर चढवणं. फर्निचर हलवणं. काय कुठे होतं याचे फोटो, परत लावायचं म्हणून. खिडकीवर डिफ्यूजन (उजेड मऊ करणारं कापड). स्टँड. लाइटदादांनी स्टँडला हात लावणाऱ्या प्रत्येकाला आधी शिकवणी दिली : स्टँडचा आडवा हात (लाइट धरणारा दांडा) सर्वात उंच पायाच्या दिशेला, सँडबॅग त्याच पायावर, आणि नॉब अशा बाजूला की वजनाने हात खाली ओढला गेला तर नॉब घट्ट होईल. "उलटा लावलास तर लाइट हळूहळू सैल होत खाली येतो, आणि खाली कोण बसलेलं असतं? नट." हे ऐकल्यावर सगळ्यांनी स्टँड पुन्हा तपासले. अर्धा तास.

क्लॅप. क्रम असा : एडी (असिस्टंट डायरेक्टर) "सायलेन्स" म्हणते, मग "साउंड". साउंडवाला "रोलिंग" म्हणतो. मग "कॅमेरा", तिकडून "रोलिंग". मग मी : "सीन एक, शॉट एक, टेक एक", क्लॅप, आणि फ्रेमबाहेर. मग "ॲक्शन". साउंड आधी आणि कॅमेरा नंतर, ही पूर्वी फिल्मचा रीळ महाग असल्याच्या काळातली सवय आहे, पण आजही फायद्याची. कॅमेरा सुरू झाल्यावर कुणाला वाट पाहावी लागत नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात क्लोजअप असेल तर क्लॅप नटाच्या चेहऱ्याजवळ धरावा लागतो, कारण फोकस तिथेच आहे. लांब धरला की आकडे पुसट. आणि चेहऱ्याजवळ जोरात मारला की नट दचकतो. काकांच्या डोळ्यांची पापणी पहिल्या टेकला चांगलीच लवली. त्यांनी हळूच सांगितलं, "बाळ, मी रडणार आहे दहा सेकंदांत. जरा हलक्या हाताने." हलक्या हाताने मारला तर साउंडवाल्याला टोक (आवाजाच्या पट्टीतला क्लॅपचा उंचवटा, ज्यावर नंतर चित्र आणि आवाज जुळवतात) मिळेना. जमलेला मार्ग असा : क्लोजला आधी "सॉफ्ट क्लॅप" असं सांगून बोटभर अंतरावरून पट्टी टेकवायची. मायक्रोफोन जवळ असल्याने तेवढा टक पुरतो, साउंडवाल्याला फक्त आधी माहीत हवं.

एका शॉटमध्ये कॅमेरा अंधाऱ्या कोपऱ्यातून सुरू होतो, तिथे क्लॅप दिसणारच नाही. त्याला एंड बोर्ड केला, म्हणजे शॉट संपल्यावर, कट म्हणायच्या आधी, उलटा धरून. उलटा धरायचा तो एडिट करणाऱ्याला हा शेवटचा क्लॅप आहे हे कळावं म्हणून. डायरेक्टरने सवयीने "कट" म्हणून टाकलं आणि कॅमेरा बंद झाला, क्लॅप राहिला. पुढच्या टेकला कॅमेरा करणारीला आधीच सांगून ठेवलं : मी "एंड बोर्ड" ओरडले की कुणीही काहीही म्हणो, बंद करायचा नाही.

आता घड्याळ. सीन १ ते ५ बंद आहे म्हणून आवाजाचा प्रश्न नव्हता. पण चार वाजून दहा मिनिटं लावलेली असताना दुपारच्या ब्रेकनंतर काटे चार एकवीसवर होते. कुणीतरी लंबक हलवून पाहिला होता. घड्याळ बंद म्हणजे खरंच बंद नव्हतं, चावी दिलेली होती, धक्का लागला की चालू. अकरा मिनिटांचा फरक, आणि तोपर्यंत एक शॉट होऊन गेलेला. तो पुन्हा घेतला. त्यानंतर लंबकच काढून ठेवला आणि घड्याळाच्या पेटीला चिकटपट्टी लावली. काटे उलटे फिरवायला गेले तर काकांनी हात धरला : ठोके देणारं घड्याळ उलटं फिरवलं तर ठोक्यांचं यंत्र बिघडू शकतं, पूर्ण फेरी पुढे न्यायची. त्यांच्या घरी तसलंच होतं.

पॅकअप रात्री नऊला. शेड्यूलमधले चार शॉट राहिले. चावी फ्रीजमध्येच सापडली.

१८ डिसेंबर : दुसरा दिवस, ऊन आणि चष्मा

कालचे राहिलेले चार शॉट आजच्या माथ्यावर. म्हणून सकाळी मास्टर (अख्खा सीन एकत्र दिसणारा शॉट) आणि दुपारी क्लोज, असं डायरेक्टरने ठरवलं. कॅमेरा करणारी आधीपासून कुरकुरत होती, तिचं बरोबर निघालं. साडेतीनला ऊन टेबलावर आलं. सकाळच्या मास्टरमध्ये टेबल सावलीत, आता काकांच्या हातावर उन्हाचा पट्टा.

बाहेरून खिडकीला काळं कापड लावलं, आणि आतून एलईडीला डिफ्यूजन देऊन सकाळच्या बाजूने उजेड उभा केला. समोर उजेड परतवायला थर्माकोल. जुळवायला दीड तास गेला, आणि या दीड तासात काकांचा सूर गेला तो वेगळाच. ज्या शॉटमध्ये खिडकी किंवा तिचा उजेड दिसतो ते सगळे एकत्र, आधी उरकावेत. मग खिडकी झाकून लाइटवर क्लोज कितीही वाजता घेता येतात. शेड्यूल सीनप्रमाणे लावण्याऐवजी खिडकीप्रमाणे लावलं असतं तर हे टळलं असतं.

चष्म्याची गोष्ट सविस्तर, कारण कंटिन्युइटी म्हणजे काय ते मला यातून कळलं. काल मी वहीत लिहीत होते : "चष्मा काढतात." आज क्लोजच्या वेळी काकांनी विचारलं, "काढतो खरा, पण कोणत्या शब्दाला?" वाक्य होतं, "हे घड्याळ तुझ्या आजीनं आणलं, मी नाही." सकाळच्या मास्टरची क्लिप लावून पाहिली. "आजीनं" म्हणताना त्यांचा उजवा हात चष्म्याकडे जातो आणि "मी नाही"ला चष्मा टेबलावर असतो, काच वर करून. नाटकातली सवय असल्याने काका तंतोतंत तेच पुन्हा करू शकत होते, फक्त काय केलं होतं ते कुणी सांगायला हवं होतं. त्यानंतर स्क्रिप्टमध्ये त्या त्या शब्दाच्या डोक्यावर बाण मारायला लागले : उ.हा. चष्मा, डा.हा. स्क्रू. फोटो काढावेत, पण फोटो कुठल्या शब्दाचा आहे हे फोटोत दिसत नाही.

नातीचं काम करणारी मैत्रीण मात्र दर टेकला वेगळी. एकदा केस कानामागे, एकदा पुढे. तिला टोकलं की अभिनय आखडतो. डायरेक्टरने सांगितलं, तिच्या केसांचं सोड, फक्त दाराजवळ उभी असताना पिशवी कोणत्या खांद्यावर आहे तेवढं बघ. प्रेक्षकाला खटकेल ते धरायचं, बाकी सोडायचं. हा निवाडा वहीत लिहून ठेवता येत नाही, पण टोकायच्या आधी करावा लागतो.

लुकचा (नजरेच्या दिशेचा) गोंधळही झाला. आजोबा डावीकडून उजवीकडे बघतात, तर नातीने उजवीकडून डावीकडे बघायला हवं, म्हणजे कॅमेरा दोघांच्या मधल्या रेषेच्या एकाच बाजूला हवा. जागा अपुरी म्हणून कॅमेरा पलीकडे गेला, आणि मॉनिटरवर दोघंही एकाच दिशेला बघू लागले, जणू तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत. लाइटदादांनी लांबूनच ओळखलं. कपाट सरकवून कॅमेरा परत अलीकडे आणला.

रात्री घरी बसून स्क्रिप्टवर रेघा मारल्या. प्रत्येक शॉटची एक उभी रेघ, शॉट सुरू होतो त्या ओळीपासून संपतो त्या ओळीपर्यंत. बोलणाऱ्याचा चेहरा फ्रेममध्ये असेल तिथे सरळ, तो फ्रेमबाहेर असेल तिथे नागमोडी. सीन ३ च्या शेवटी नातीच्या "मग मी जाते" या ओळीवर फक्त मास्टरची एक सरळ रेघ आणि काकांच्या क्लोजची एक नागमोडी. म्हणजे सीनमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ, आणि तिच्या चेहऱ्याचा क्लोजच नाही. पानावर रेघ मारेपर्यंत हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. रात्री साडेअकराला डायरेक्टरला फोन केला. उद्या सकाळी पहिला शॉट तोच.

१९ डिसेंबर : तिसरा दिवस, जिना, रात्र, कार्ड

"मग मी जाते" सकाळी पटकन झालं. पिशवी डाव्या खांद्यावर.

जिन्याचा सीन दोन कॅमेऱ्यांनी करायची हौस होती, दुसरा कॅमेरा नव्हता म्हणून फोन लावला. जिन्यात आवाज घुमतो. बूमचा (लांब काठीवरचा) शॉटगन माइक बाहेर छान चालतो, पण घुमणाऱ्या छोट्या जागेत भिंतीवरून परत येणारा आवाजही उचलतो आणि संवाद डब्यातून आल्यासारखा होतो. घरातल्या गोधड्या मागून घेतल्या, फ्रेमबाहेरच्या भिंतींवर टांगल्या, पायऱ्यांवर अंथरल्या. फरक लगेच जाणवला.

रात्रीचा सीन ७. घड्याळ आता चालू आहे, आणि दोन पानं संवाद. साउंडवाल्याने पहिल्या रिहर्सललाच हेडफोन काढून ठेवले. टिकटिक संवादात गेली तर एडिटमध्ये वाक्य मधे कापताच येणार नाही, कारण टिकटिक अडखळते आणि कान ते लगेच पकडतो. पण लंबक दिसतोय, तर तो हलायला हवा. तोडगा : संवादाच्या शॉटमध्ये फ्रेमचा खालचा कडा लंबकाच्या वर, घड्याळ बंद. लंबक हलताना दिसणारा एकच वाइड, त्यात संवाद नाही. आणि टिकटिक वेगळी, माइक घड्याळाच्या पेटीला जवळजवळ चिकटवून, दोन मिनिटं.

पंखा बंद, खिडक्या झाकलेल्या, लाइट तापलेले. दर टेकनंतर काकांच्या कपाळाला टिश्यू. चोळायचा नाही, टेकवायचा.

इथे नुकसान झालं. रिहर्सलमध्ये काका ओळी पुटपुटत होते, साउंडवाल्याने त्या आवाजावर लेव्हल ठेवली. टेकमध्ये "विका, सगळं विका!" इतकं जोरात आलं की मीटर लाल. संवादाची टोकं उणे १२ डीबीच्या आसपास असावीत, वर ओरडण्यासाठी जागा राहते. शून्याला आपटलेला आवाज फाटतो, तो नंतर नीट होत नाही. अभिनयाच्या दृष्टीने तोच टेक सर्वोत्तम होता. डायरेक्टरने पुन्हा घ्यायला नकार दिला, आणि ते पाहून साउंडवाला रुसला. नटाला निदान एक रिहर्सल तरी खऱ्या आवाजात करायला सांगावी. नाटकवाल्यांना तर नक्कीच.

दहाच्या सुमाराला कार्ड ब भरलं, कार्ड अ लॅपटॉपवर कॉपी झालेलं होतं म्हणून फॉरमॅटला घेतलं जात होतं. अडवलं, कारण लाल टेप अजून होती आणि दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत झालेली नव्हती. उघडून पाहिलं तर फाइलींची संख्या बरोबर, आकारात तफावत. कॉपी मधेच तुटली होती आणि शेवटची क्लिप अर्धीच आलेली. दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर प्रती, आकार जुळवलेला, आणि शेवटची क्लिप शेवटपर्यंत चालवून पाहिलेली, असं झाल्याशिवाय लाल टेप काढायची नाही. चाळीस मिनिटं सगळे बसून राहिले. त्या वेळात भाड्याचे लाइट जळत होते आणि त्यांचा जादा दिवस लागतो की काय, ही धाकधूक.

शेवटी रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा नुसता आवाज. सगळ्यांनी आहे तिथे स्तब्ध उभं राहायचं, लाइट चालू, माइक संवादाच्याच जागी, एक मिनिट काही नाही. पॅकअपच्या वेळी कुणालाही हे नको असतं. कुणाचा तरी फोन थरथरला, पुन्हा घेतला.

२३ डिसेंबर : सिंक

क्लॅपची पट्टी टेकते ती फ्रेम आणि आवाजाच्या पट्टीतलं टोक, दोन्ही जुळवायचं. एक फ्रेम म्हणजे जवळजवळ ४२ मिलिसेकंद. एका फ्रेमने फरक कळत नाही, तीन-चार फ्रेमनी ओठ खोटे वाटतात.

सीन ४ शॉट ३ दोनदा सापडला, दोन्हींवर टेक १ आणि टेक २. लेन्स बदलली तेव्हा डायरेक्टरच्या कागदावर तो नवा शॉट होता, क्लॅपवर जुनाच नंबर राहिला. साउंडच्या फाइलीतही बोललेला नंबर तोच. लॉगशीटमधला क्लिप नंबर नसता तर चारही टेक ऐकून ओळखावे लागले असते. तो फालतू रकाना. लेन्स किंवा कॅमेऱ्याची जागा बदलली की शॉटचा नंबर बदलतो, हे आता क्लॅपच्या मागेच लिहून चिकटवलंय.

जिन्यातलं फोनचं फुटेज सुरुवातीला जुळतं आणि मिनिटभरात सरकतं. बहुतेक फोन स्थिर फ्रेमरेटने रेकॉर्ड करत नाहीत, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतात. आधी स्थिर २४ फ्रेममध्ये बदलून मग टाइमलाइनवर घेतलं तेव्हा बसलं. अर्धा दिवस गेला आणि त्या फोनचा फिल्ममध्ये एकच शॉट उरला, तोही चार सेकंदांचा.

३० डिसेंबर : रफ कट

पहिली कच्ची जोडणी साडेअकरा मिनिटं. आठ मिनिटांची फिल्म ठरली होती. सीन ५, तोच १/८ पानाचा, एकटाच अडीच मिनिटं खातो.

चष्म्याची एक जागा शेवटी सुटलीच. मास्टरमध्ये चष्मा टेबलावर, क्लोजच्या चांगल्या टेकमध्ये अजून नाकावर. एडिट करणारीने मधे नातीचं ऐकणं टाकलं, दीड सेकंद, आणि प्रश्न मिटला. ऐकणाऱ्याचे चेहरे भरपूर घ्यावेत, कुणी बोलत नसताना सुद्धा.

घड्याळाची चावी फिरते त्याचा क्लोज राहून गेला होता. कुणालाच आठवलं नव्हतं, माझ्या रेघांमध्येही तो नव्हता, कारण स्क्रिप्टमध्ये तो लिहिलेलाच नव्हता. काका पुन्हा येऊ शकत नव्हते. कॅमेरा करणारीच्या वडिलांचे हात बरेचसे तसेच, शर्ट काकांचाच मागून घेतला. भिंत वेगळी असल्याने फ्रेम इतकी घट्ट ठेवली की भिंतच दिसेना. नखं मात्र काकांची कापलेली नव्हती आणि यांची होती, ते आम्हाला तेवढं दिसतं.

६ जानेवारी : एक ओळ डबिंग

"विका, सगळं विका!" काका संध्याकाळी दोन तासांसाठी आले. त्याच खोलीत, तोच माइक, तितक्याच अंतरावर, गोधड्या टांगून. आधी स्टुडिओ शोधत होतो, साउंडवाल्यानेच नको म्हटलं : वेगळ्या खोलीतला आवाज त्या सीनमध्ये बसवायला जास्त खटपट लागते. काकांच्या कानात मूळ फाटलेली ओळ, समोर लॅपटॉपवर चित्र. बसून म्हणत होते तोवर जुळेना. सीनमध्ये ते ही ओळ उभं राहता राहता म्हणतात. खुर्चीतून उठत म्हटल्यावर श्वासच जुळला. खाली त्या रात्रीचा रूम टोन पसरला, जोड ऐकू येत नाही.

लेव्हल या वेळी साउंडवाल्याने काकांना दोनदा ओरडायला लावून ठेवली. रुसवा गेलाय. लंबकाच्या वाइडवर टिकटिक अजून चार फ्रेम मागे आहे, ती उद्या सरकवायची आणि मग कलर (शॉटचे रंग जुळवणं).